विमानात लहान मुलाला सुरक्षित कसे बसवावे : प्रथमच निघालेल्या पालकांसाठी

ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून पहिल्यांदाच लहान मूल घेऊन विमानाने निघायचे ठरले की घरात आठवडाभर आधीपासून बॅगांची वजने होऊ लागतात, गरम पाण्याचा थर्मास, मऊ भाताचा डबा आणि जादा डायपर यांच्या याद्या फ्रिजवर लागतात. मूल विमानात नेमके कशावर बसणार आणि कोणत्या पट्ट्याने बांधले जाणार, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत पहिल्यांदा निघतो तो विमानात शिरल्यावर, सीट शोधताना. आणि तेव्हा त्याला आईची किंवा बाबांची मांडी हे एकच उत्तर शिल्लक असते. तोच प्रश्न तिकीट काढण्याच्या दिवशी विचारला जावा, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे, कारण यातले महत्त्वाचे निर्णय त्याच दिवशी होऊन जातात आणि विमानतळावर ते सहसा बदलता येत नाहीत.

मांडी का पुरत नाही

जेट विमान जमीन सोडते तेव्हा त्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगात अचानक ब्रेक लागला, तर मांडीवरचे मूल त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. आजच्या प्रवासी विमानांच्या सीट पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्का सोसतात की नाही, हे तपासून त्यांना मान्यता दिली जाते. हाच हिशेब दहा किलोच्या बाळाला लावला, तर तेवढ्या धक्क्यात ते हातांना १६० किलोचे लागेल. म्हणजे पन्नास किलोची तीन पोती आणि वर आणखी दहा किलो. आईची पकड कितीही घट्ट असली तरी तिथे मायेचा नव्हे, स्नायूंचा प्रश्न असतो. आमच्या सासूबाईंनी दोन सुना आणि चार नातवंडे मांडीवर घेऊन एसटीने आणि रेल्वेने कोकण पालथा घातला आहे. त्यांना हे पटायला पोत्यांचाच हिशेब कामी आला.

अपघात हा विरळा प्रसंग झाला. हवेतले हेलकावे मात्र कोणत्याही प्रवासात लागू शकतात, पावसाळ्यात तर हमखास. विमान एकदम खाली जाते तेव्हा न बांधलेले सारे काही क्षणभर अधांतरी राहते, आणि त्यात झोपलेले बाळही आले.

१९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेले युनायटेड एअरलाइन्सचे २३२ क्रमांकाचे उड्डाण शेपटीतले इंजिन फुटून सर्व हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्यामुळे अमेरिकेतल्याच सू सिटी येथे कोसळले. त्या विमानात चार मुले मांडीवर होती आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांना पायांशी जमिनीवर ठेवून धरायला पालकांना सांगण्यात आले होते. त्यांतले एक मूल वाचले नाही. ही सूचना प्रवाशांना देणाऱ्या मुख्य कर्मचारी जॅन ब्राऊन यांनी पुढे अनेक वर्षे लहान मुलांना स्वतंत्र सीट आणि पट्टा मिळावा यासाठी पाठपुरावा केला. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानेही १९९० पासून हीच शिफारस केली आहे. तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने मात्र सक्ती केलेली नाही. जादा तिकीट परवडत नाही म्हणून कुटुंबे मोटारीने निघतील आणि रस्त्यावर अधिक मुले दगावतील, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. तो चुकीचा नसेलही. पण त्यावरून मांडी सुरक्षित आहे असा अर्थ काढता येत नाही.

भारतातही दोन वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाच्या मांडीवर नेता येते. गंमत अशी की, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालचे मूल मोटारीत पट्ट्याविना किंवा बालसीटविना नेले तर एक हजार रुपये दंड आहे. म्हणजे घोडबंदर रोडवर साठच्या वेगाने जाताना जे मूल बांधलेले असायला हवे, तेच धावपट्टीवर अडीचशेच्या वेगाने मांडीवर चालते.

पहिली पायरी : तिकीट काढण्यापूर्वी मुलाचे वजन आणि उंची मोजणे

वयापेक्षा वजन महत्त्वाचे आहे. डॉक्टरांकडच्या जुन्या नोंदीवर न जाता त्या आठवड्यात मुलाचे वजन करावे आणि उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून मोजावी. त्यानंतर साधारण तीन वाटा दिसतात. बाळ तान्हे किंवा वर्षाच्या आसपास असेल तर मागे तोंड करून बसवायची कार सीट, म्हणजे मोटारीत लावायची बालसीट, उत्तम. मूल त्याहून मोठे आणि कार सीटच्या वजनमर्यादेत असेल तर पुढे तोंड करून बसवायची, स्वतःचे खांदेपट्टे असलेली कार सीट. आणि कार सीट वाहून नेणे शक्यच नसेल तर दहा ते वीस किलोच्या मुलांसाठी विमानापुरता बनवलेला खांदेपट्टा. मूल वीस किलोच्या पुढे गेले की विमानाचा नेहमीचा कमरेचा पट्टा त्याला नीट बसतो.

दोन वर्षांखालच्या मुलाच्या सवलतीच्या तिकिटात सीट येत नाही. सीट हवी असेल तर मुलाचे स्वतंत्र तिकीट काढावे लागते, आणि संकेतस्थळावर तसा पर्याय सहज दिसत नसल्यास विमान कंपनीला फोन करून तिकीट काढावे. हा खर्च लहान नाही, हे मान्य आहे. बंगळूर किंवा गोव्याच्या तास-दीड तासाच्या प्रवासाला तो जड वाटेल. परंतु अमेरिकेला किंवा युरोपला जाणाऱ्या कुटुंबाने इतर खर्चांत काटकसर करून ही सीट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय चौदा-पंधरा तास दहा किलोचे मूल मांडीवर घेऊन बसलेले आईवडील उतरताना कोणत्या अवस्थेत असतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

मांडीवरच न्यायचे ठरले तर एका मोठ्या माणसामागे एकच बाळ, हे लक्षात ठेवावे. जुळी असतील किंवा नात्यातली दोन बाळे एकत्र निघाली असतील तर त्यांना एकाच रांगेत शेजारी बसवत नाहीत, कारण प्रत्येक रांगेच्या डोक्यावर सहसा एकच जादा प्राणवायू मुखवटा असतो.

दुसरी पायरी : कार सीट विमानात चालते का, हे तपासणे

सीट उलटी करून तिच्या पाठीवरचे आणि बाजूचे लेबल वाचावे. अमेरिकी सीटवर ती मोटार आणि विमान दोन्हींसाठी प्रमाणित असल्याचे वाक्य लाल अक्षरांत छापलेले असते. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच सीटवर युरोपीय मानकाचे नारिंगी लेबल असते; हे मानक मुळात संयुक्त राष्ट्रांचेच आहे. अमेरिकी नियमांत संयुक्त राष्ट्रांच्या मानकाचे लेबल असलेल्या सीटही ग्राह्य आहेत. काही युरोपीय सीटवर विमानात वापरण्यास योग्य असल्याचे वेगळे लेबलही मिळते. तरीही कंपनीचे नाव, सीटचे मॉडेल आणि रुंदी लिहून विमान कंपनीला ईमेल करावा आणि आलेल्या उत्तराची छापील प्रत जवळ ठेवावी.

हे मी अनुभवाने सांगते. एका परतीच्या प्रवासात आमच्या सीटचे लेबल मुलाने सोलून टाकलेले होते, ते आम्हाला विमानाच्या दारातच समजले. कर्मचाऱ्यांनी सीट आत नेऊ दिली नाही, ती सामानात गेली, आणि घेतलेल्या जादा सीटवर सारा वेळ आमचे ब्लँकेट बसून आले. त्या दिवसापासून मी लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवते आणि मूळ लेबलवर पारदर्शक टेप लावते.

सीटची रुंदी सुमारे चाळीस सेंटीमीटरपर्यंत असावी, म्हणजे ती इकॉनॉमी वर्गाच्या बहुतेक सीटांवर खुर्चीच्या दोन हातांच्या मध्ये मावते. विमानात आयसोफिक्सचे, म्हणजे मोटारीत बालसीट थेट अडकवण्यासाठी असतात तसे, हूक नसतात आणि खांद्यावरून येणारा पट्टाही नसतो; त्यामुळे जी सीट केवळ आयसोफिक्सवर किंवा तीन-बिंदू पट्ट्यावरच बसते, ती इथे निरुपयोगी ठरते. बूस्टरही याच कारणामुळे बाद होतो. तो मुलाला केवळ उंच करतो, धरून ठेवत नाही, आणि म्हणून उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी त्याला परवानगी नसते. पायांपुढची जागा भरणाऱ्या फुगवायच्या उशा झोपेसाठी ठीक असतील. संरक्षणाशी त्यांचा संबंध नाही.

विमानापुरत्या खांदेपट्ट्यांत अमेरिकेने २००६ साली मान्यता दिलेला केअर्स हा पट्टा सर्वांत परिचित आहे. तो दहा ते वीस किलो वजनाच्या आणि सुमारे एक मीटरपर्यंत उंचीच्या, सरळ बसू शकणाऱ्या मुलांसाठी आहे. वजन जेमतेम अर्धा किलो असल्याने तो पर्समध्ये मावतो. मात्र तो मोटारीत चालत नाही, त्यामुळे पलीकडे उतरल्यावरच्या टॅक्सीची सोय वेगळी करावी लागते.

तिसरी पायरी : सीट क्रमांक निवडणे

कार सीट खिडकीशी लावावी, म्हणजे घाईने बाहेर पडावे लागल्यास ती कुणाच्या वाटेत येत नाही. आपत्कालीन दाराची रांग आणि तिच्या लगतच्या पुढच्या-मागच्या रांगा टाळाव्यात. काही सीटांचा पट्टा नेहमीपेक्षा जाड असतो, कारण त्यात एअरबॅग शिवलेली असते. अशा सीटवर बालसीट बसवू नये, दुसरी जागा मागावी. मांडीवरच्या मुलासाठीही वाटेकडची सीट वाईटच, कारण गरम चहा, खाद्यपदार्थांची गाडी आणि वरच्या कप्प्यातून निसटणारी बॅग यांचा रस्ता मुलाच्या डोक्यावरून आणि बाहेर आलेल्या हातापायांवरून जातो.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना दिलेल्या निर्देशानुसार बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या किमान एका पालकाजवळ जागा द्यावी लागते. म्हणून आजी-आजोबांचे, आईचे आणि मुलाचे तिकीट वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ॲपवरून काढू नये.

चौथी पायरी : घरातली तालीम

जेवणाच्या टेबलाची खुर्ची, कार सीट आणि जुन्या प्रवासी बॅगेचा बकल असलेला पट्टा एवढे साहित्य पुरते. आठवडाभर रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे मुलाला सीटमध्ये बांधून खाऊ द्यावा, चित्रांचे पुस्तक वाचावे. रडले की लगेच सोडू नये आणि रागावूही नये. बांधले जाणे ही शिक्षा नाही, हे मुलाला विमानाच्या आवाजात आणि परक्या माणसांत समजावणे अवघड जाते. ओळखीच्या घरात, ओळखीच्या खुर्चीवर ते सहज जमते. या तालमीत आपलाही हात बसतो. सीटच्या कोणत्या खाचेतून पट्टा ओवायचा, हे माहितीपत्रकाकडे न पाहता जमेपर्यंत सराव करावा. युरोपीय सीटवर मागे तोंड असतानाची पट्ट्याची वाट निळ्या आणि पुढे तोंड असतानाची लाल रंगाने दाखवलेली असते.

पाचवी पायरी : घर ते विमानाचे दार

तिकिटावर कोणता विमानतळ आहे, हे नीट पाहावे. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाल्यापासून सवयीने मुंबईच्या जुन्या विमानतळाकडे, सहारकडे, गाडी वळवणारे लोक आमच्या ओळखीतच दोन निघाले. घरापासून टॅक्सीत मुलाला कार सीटमध्येच बसवावे, मागच्या सीटवर. सुरक्षा तपासणीत सीट क्ष-किरण यंत्रातून जाते आणि मुलाला बाहेर काढावे लागते, तेवढा वेळ हाताशी असू द्यावा. सीट सामानात देऊ नये. आदळआपट होऊन बाहेरून न दिसणारी चीर पडली तरी ती मोटारीतही भरवशाची राहत नाही.

सहावी पायरी : विमानात सीट बसवणे

आत शिरायला लवकर मिळत असेल तर ती सवलत घ्यावी आणि एकाने मूल सांभाळावे, दुसऱ्याने सीट बसवावी. दोन सीटांमधला खुर्चीचा हात वर करावा. कार सीट खिडकीशी ठेवून विमानाचा पट्टा पूर्ण सैल करावा, ठरलेल्या वाटेने आरपार ओवावा आणि बकल लावावा. आता सीटमध्ये आपला गुडघा रोवून अंगाचा भार टाकावा आणि पट्ट्याचे मोकळे टोक खेचावे; हातांच्या ताकदीने जेवढे घट्ट होते त्यापेक्षा गुडघ्याच्या भाराने कितीतरी अधिक होते. मग पट्टा जिथून जातो तिथेच सीट धरून डावीकडे-उजवीकडे हलवावी. विमानाच्या सीटची पाठ थोडी पुढे झुकते, त्यामुळे वरचा भाग हलला तरी घाबरू नये. तळाशी मात्र ती बोटभरापेक्षा अधिक सरकू नये.

एक अडचण जवळजवळ सर्वांना येते. विमानाचा पट्टा आखूड असल्याने बकल नेमका मुलाच्या पाठीमागे येतो आणि टोचतो. त्यासाठी मुलाला बसवण्यापूर्वी सीटचे कापड उचलून बकल त्याखाली सपाट बसला आहे ना, आणि उतरताना त्याची झडप बोटांनी उघडता येईल ना, हे पाहून घ्यावे. जादा उशी किंवा घडी केलेला टॉवेल मुलाच्या पाठीमागे कोंबू नये.

मुलाला बसवताना जाड स्वेटर किंवा जॅकेट काढावे आणि पांघरूण पट्ट्याच्या वरून घालावे. मागे तोंड असेल तर खांदेपट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून, पुढे तोंड असेल तर रेषेत किंवा किंचित वरून यावेत. पट्ट्याची चिमूट धरता येत असेल तर तो अजून सैल आहे. मागे तोंड केलेल्या सीटमुळे पुढच्या प्रवाशाची पाठ मागे झुकत नाही. त्यांना उड्डाणापूर्वीच नम्रपणे सांगावे, म्हणजे मध्यरात्री वाद होत नाही.

केअर्ससारखा पट्टा सीटच्या पाठीभोवती, मागच्या प्रवाशाच्या ट्रेच्या आतून फिरवून घ्यावा लागतो, आणि विमानाचा कमरेचा पट्टा त्याच्या खालच्या फाशांतून ओवून मगच बकल लावायचा असतो. फाशांतून ओवायचे राहिले तर खांदेपट्टे नुसते लोंबकळतात आणि वरून सारे ठीक दिसते. म्हणून हे एकदा हात लावून तपासावे.

मूल मांडीवर असेल तर

भारतातल्या आणि युरोपच्या विमानांत कर्मचारी बाळासाठी छोटा जोडपट्टा देतात. न दिल्यास मागावा. आधी आपला पट्टा कमरेवर घट्ट लावावा, त्यात जोडपट्ट्याचा फासा ओवावा आणि मग तो बाळाच्या पोटाभोवती लावावा. हेलकाव्यांत बाळ उडून जाऊ नये, एवढे काम तो करतो. जोराच्या धक्क्यात मोठ्या माणसाचे शरीर बाळावर दुमडते, आणि याच कारणाने अमेरिकेत तो १९९६ पासून बंद आहे. आपल्याच पट्ट्यात स्वतःबरोबर बाळालाही गुंडाळणे मात्र सर्वांत घातक, कारण मग मागून येणारे आपले सगळे वजन आणि पुढचा पट्टा यांच्यामध्ये बाळ चिरडते. ओढणीने किंवा दुपट्ट्याने पोटाशी बांधणे हा त्याचाच सौम्य दिसणारा प्रकार आहे. कापडी झोळी हवेत असताना फिरवायला सोयीची आहे, धावपट्टीवर तिचा भरवसा धरू नये. भिंतीला लावायचा पाळणा मिळाला तरी पट्ट्याचा दिवा लागताच बाळाला त्यातून उचलून जोडपट्टा लावायचा असतो, मग ते कितीही गाढ झोपलेले असो.

हवेत असताना

मुलाला जागे-झोपलेले पाहून नव्हे, तर पट्ट्याच्या दिव्याकडे पाहून सोडावे. आणि दिवा बंद असतानाही सीटवर असेपर्यंत बांधलेलेच ठेवणे बरे. फक्त कमरेचा पट्टा लावलेल्या मोठ्या मुलाचा पट्टा पोटावर नव्हे, मांड्यांच्या वरच्या हाडांवर, खाली आणि घट्ट असावा. माझ्या मुलीने अडीच वर्षांची असताना बकलची झडप उचलली की पट्टा सुटतो हा शोध लावला आणि अर्ध्या तासात अकरा वेळा तो कट् असा आवाज काढला. ओरडून उपयोग झाला नाही. तिच्या कंबरेवर पांघरूण टाकले, बकल दिसेनासा झाला आणि तिच्या हातात पेन्सिलीच्या डबीची चेन दिली, तेव्हा कुठे तो खेळ थांबला.

प्राणवायूचा मुखवटा खाली आला तर आधी स्वतःला लावावा, मग मुलाला. पस्तीस हजार फुटांवर केबिनमधला दाब गेला तर माणसाला शुद्धीवर राहून काही करायला तीस ते साठ सेकंद मिळतात. मूल हात झटकत असताना ते सेकंद त्याच्या मुखवट्यात गेले, तर दोघांनाही मदत करणारे कोणी उरत नाही. बाळासाठी वेगळे जीवरक्षक जाकीट असते, ते कुठे आहे हे चढतानाच विचारून ठेवावे.

विमान खाली येताना कान दुखतात म्हणून मुले रडतात आणि नेमक्या त्याच वेळी पालक पट्टे सोडून त्यांना कडेवर घेतात. त्याऐवजी बांधलेल्या स्थितीतच बाटली, चोखणी किंवा घोटघोट पाणी द्यावे; अंगावर पाजायचे असेल तर जोडपट्टा लावून पाजावे. चाके टेकल्यावरही विमान बराच वेळ चालत असते, आणि वरचे कप्पे उघडायची घाई सुरू होते ती तेव्हाच. आपली रांग रिकामी होईपर्यंत मुलाला सीटमध्येच राहू द्यावे, मग बकल सोडून कार सीट उचलावी. पुढे घरापर्यंतच्या टॅक्सीत ती पुन्हा बसवायची आहेच.